तेलविहिरीतला चिखल : विसाव्या शतकाच्या मध्यातील खोदाईचे विवेचन

शेतात बोअर घेणारी गाडी आली की भोकातून उडणाऱ्या भुकटीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. तांबूस भुकटी म्हणजे मुरूम, करडी म्हणजे काळा पाषाण, आणि ओली झाली की आशा. कॉम्प्रेसरची हवा नळीतून खाली जाते आणि फुटलेला दगड घेऊन नळीच्या बाहेरच्या अंगाने वर येते. हवा थांबली तर हातोडा कितीही जोरकस असो, तो आपल्याच भुकटीत रुतून बसतो. खोल भोक पाडण्याच्या शास्त्राचे बीज या साध्या निरीक्षणात आहे. दगड फोडणे हे अर्धे काम, फोडलेला दगड वर आणणे हे दुसरे अर्धे. जसजशी खोली वाढते तसतसे हे दुसरे अर्धे जास्त भारी होत जाते.

तेलाच्या विहिरीत आणखी दोन अडचणी येतात. दख्खनचा पाषाण भोक पाडल्यावर जागचा हलत नाही, पण तेल असते ते बहुधा वाळूच्या आणि चिकणमातीच्या थरांत, आणि हे थर भोकात ढासळतात. शिवाय हजार-दोन हजार मीटर खोलीवर सच्छिद्र दगडातला द्रव मोठ्या दाबाखाली कोंडलेला असतो. त्याला वाट मिळाली की तो ती घेणारच.

१९३० ते १९६० या काळात तेलखोदाईची जी सामग्री सिद्ध झाली, तिचा इतिहास बहुधा बिटच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकाच्या, इतिहासासारखा सांगितला जातो. मला ती मांडणी अपुरी वाटते. त्या काळातल्या रिगवरचा, म्हणजे खोदाईच्या मनोऱ्यावरचा, पंप, नळ्या, झडपा, सिमेंट, विजेची मोजमापे या सगळ्यांचा परस्परसंबंध कळायचा असेल, तर विहिरीत सतत फिरणाऱ्या चिखलाचा माग काढत जावे. जवळपास प्रत्येक यंत्र एक तर चिखल फिरवण्यासाठी आहे, नाही तर चिखलाने निर्माण केलेली अडचण सोडवण्यासाठी.

रिकाम्या भोकाची पद्धत

पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेकच्या विहिरीला ६९.५ फुटांवर तेल लागले. ही खोदाई दोराची, म्हणजे केबल टूलची. डोलत्या तुळईच्या एका टोकाला दोर, दोराला टनाच्या आसपास वजनाची लोखंडी छिन्नी. तुळई वरखाली होते, छिन्नी उचलली जाते आणि तळावर आपटते. दोराला असलेल्या पिळामुळे ती दर घावाला थोडी वळते, म्हणून भोक गोल राहते. ड्रिलर दोरावर हात ठेवून बसे. घाव कसा बसला, दगड बदलला का, छिन्नी अडकते आहे का, हे त्याला तळहाताने कळे. तळाशी थोडे पाणी ठेवत, त्यात भुकटी कालवली जाई. मग छिन्नी वर काढून बेलर सोडायचा. बेलर म्हणजे बुडाला झडप असलेली लांबट नळकांडी मोटच. ती भुकटीचा रबडा भरून वर येई, आणि छिन्नी पुन्हा खाली जाई.

ही पद्धत मागास होती म्हणून गेली असे समजणे चूक आहे. कठीण, न ढासळणाऱ्या दगडात ती स्वस्त होती, पाणी कमी लागे, आणि दगडाचा नमुना जवळजवळ निर्भेळ मिळे. अमेरिकेच्या अ‍ॅपलाशियन भागात ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती, आणि १९५३ साली न्यूयॉर्क राज्यात केबल टूलने ११,१४५ फुटांपर्यंत, म्हणजे ३,४०० मीटरच्या जवळ, मजल मारली गेली. तिचा गुण आणि दोष एकाच गोष्टीत होता. भोक जवळजवळ रिकामे असे. त्यामुळे थरात तेल असेल तर ते आपणहून भोकात पाझरे, शोधायला वेगळे साधन लागत नसे. पण थरात दाब असेल तर तो अडवायलाही भोकात काही नसे. जुन्या छायाचित्रांत तेलाचे कारंजे मनोऱ्याच्या वर उसळताना दिसते. ते वैभवाचे चित्र मानले गेले, वस्तुतः ते हाताबाहेर गेलेल्या विहिरीचे चित्र आहे. आणि मऊ थरात तर ही पद्धत चालतच नसे. छिन्नी वर काढावी तोवर खाली भिंती मिटलेल्या असत. ड्रेकलाही वरच्या ढासळत्या गाळातून आधी लोखंडी नळ ठोकावा लागला होता, तेव्हा कुठे तो दगडापर्यंत पोचला.

फिरती नळी

टेक्सासमध्ये ब्युमाँटजवळ स्पिंडलटॉपच्या टेकाडावर याच ढासळत्या वाळूने आधीचे प्रयत्न हाणून पाडले होते. अँथनी लुकास याने तिथे हॅमिल बंधूंना बोलावले. पाण्याच्या विहिरींसाठी वापरात असलेली रोटरी पद्धत त्यांच्याजवळ होती. नळीच्या टोकाला बिट लावून सबंध नळी फिरवायची आणि नळीतून पाणी सोडत राहायचे. वाळू तरीही आत येत राहिली. तेव्हा पाण्याच्या खड्ड्यात गुरे हिंडवून त्यांनी पाणी गढूळ केले आणि ते गढूळ पाणी विहिरीत फिरवले, असे सांगतात. भिंती टिकल्या. १० जानेवारी १९०१ रोजी ती विहीर उसळली आणि तिला बांध घालायला नऊ दिवस लागले. गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या त्या खड्ड्यात पुढच्या अर्धशतकाचे तंत्र होते.

शतकाच्या मध्यावरचा रोटरी रिग डोळ्यांसमोर आणू. मनोरा १३६ फूट, म्हणजे सुमारे ४१ मीटर. ही उंची एका हिशेबातून आलेली आहे. ड्रिल पाइपचा एक नग सुमारे ९ मीटरचा, आणि नळी बाहेर काढताना तीन-तीन नग न सोडवता एकत्रच काढून मनोऱ्यात उभे करतात. अशा २७ मीटरच्या जोडाला स्टँड म्हणतात. तो मावला पाहिजे, वर कप्प्यांना जागा राहिली पाहिजे, म्हणून ४१ मीटर. वर स्थिर कप्प्यांचा क्राउन ब्लॉक, खाली हलत्या कप्प्यांचा ट्रॅव्हलिंग ब्लॉक, त्यांतून ओवलेला तारेचा दोर, आणि तो गुंडाळणारा ड्रॉवर्क्स. ३,००० मीटर खोलीवर साडेचार इंची नळीचेच वजन पाऊणशे टन भरते. दोराच्या आठ पदरांवर ते वाटले की एका पदरावर आठव्या हिश्शाइतका ताण येतो. हे मोटेच्या आणि रहाटाच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मनोऱ्याच्या फळीवर रोटरी टेबल फिरते. त्याच्या चौकोनी खाचेतून केली नावाची चौकोनी किंवा षट्कोनी पोकळ नळी जाते. टेबल केलीला फिरवते, केली खालच्या सगळ्या नळ्यांना, आणि त्या बिटला. केलीच्या वर स्विव्हल आहे. रिगवरचा हा सांधा मला सर्वांत बुद्धिमान वाटतो. खालचा भाग फिरतो, वरचा स्थिर राहतो, सगळे वजन तो पेलतो, आणि त्याच्याच पोटातून दाबाखालचा चिखल नळीत शिरतो.

बिटबद्दल थोडक्यात. मऊ मातीत माशाच्या शेपटीसारखा फाळ चाले, कठीण दगडावर तो बोथट होई. हॉवर्ड ह्यूज थोरले यांच्या १९०९ च्या पेटंटमधल्या बिटवर दोन दातेरी शंकू होते. ते तळावर लोळत दगड चिरडत. १९३३ मध्ये तीन शंकूंचा बिट आला आणि तोच पुढे सर्वत्र रूढ झाला. १९५१ मध्ये दातांच्या जागी टंगस्टन कार्बाइडच्या गुळगुळीत गुंड्या बसवलेला बिट निघाला, आणि जिथे फुटाफुटाला बिट बदलावा लागे असे चर्ट या अतिकठीण दगडाचे थरही आटोक्यात आले.

बिटवर भार लागतो, दहा-वीस टनही. हा भार सगळ्या नळीने द्यायचा म्हटला तर सडपातळ नळी वेताच्या काठीसारखी वाकते, भोक तिरके जाते, नळी तुटते. म्हणून बिटच्या लगेच वर जाड भिंतीचे जड ड्रिल कॉलर लावतात आणि बाकी नळी वरून ताणून धरतात. भार कॉलरचा, नळी ताणात. नळी कुठे आणि किती भाराला वाकेल याचे गणित आर्थर लुबिन्स्की याने १९५० मध्ये मांडले. तोवर अनुभवी ड्रिलरच्या अंदाजावर चाललेली गोष्ट त्यानंतर कागदावर मोजता येऊ लागली.

चिखल काय काय करतो

पंप चिखल ओढतो, उभ्या नळातून आणि रबरी होजमधून स्विव्हलमध्ये चढवतो. तिथून तो केलीतून, नळ्यांतून उतरत तळाशी बिटमधून बाहेर पडतो, आणि नळी व भिंत यांमधल्या कडेवजा मोकळ्या जागेतून वर येतो. वर आल्यावर थरथरत्या चाळणीवर कपच्या वेगळ्या होतात, चिखल टाक्यांत निवतो, पुन्हा पंपात जातो. चढण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटर धरला, तर ३,००० मीटरवरून वर यायला तासाहून अधिक वेळ लागतो. चाळणीवर उभा असलेला भूवैज्ञानिक जी कपची हातात घेतो ती तासाभरापूर्वीच्या दगडाची असते, आणि तेवढ्यात बिट पुढे गेलेला असतो. हा उशीर हिशेबात धरूनच त्याला थरांची नोंद लिहावी लागते.

चिखलाची माती कुठलीही चालत नाही. सर्वांत उपयोगी ठरली ती बेंटोनाइट. तिच्यातले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि त्याच कुळातली खनिजे आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत आहेत. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि पावसात फुगून चिकट होणारी काळी ज्याने तुडवली आहे, त्याला बेंटोनाइटचा स्वभाव वेगळा सांगायला नको. तिचे पातळ पापुद्रे आपल्यामध्ये पाणी धरून फुगतात. थोडी माती पुष्कळ पाण्याला दाटपणा देते. आणि तिचा एक गुण तर या कामासाठीच घडवल्यासारखा आहे. ढवळत राहिले तर ती ताकासारखी वाहते, स्थिर ठेवली तर दह्यासारखी विरजते. नळीचा नवा नग जोडायला पंप बंद करावा लागतो. त्या काही मिनिटांत कपच्या तळाशी बसल्या असत्या आणि बिट गाडला गेला असता. विरजलेला चिखल त्यांना आहे तिथेच धरून ठेवतो आणि पंप सुरू झाला की पुन्हा वाहू लागतो.

भिंतीवर तो दुसरे काम करतो. सच्छिद्र थरात चिखलातले पाणी थोडे शिरते आणि मातीचा पातळ लेप भिंतीवर राहतो. घराची भिंत शेणामातीने सारवावी तसे हे सारवण. लेप चांगला असेल तर पातळ आणि घट्ट, आणि त्यानंतर पाणी आत जाणे जवळजवळ थांबते. माती निकृष्ट असेल तर लेप जाड होतो आणि भोकच अरुंद करतो.

तिसरे काम वजनाचे. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ तळाशी चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा दाब देतो. ३,००० मीटरला ३०० किलो. थरातल्या खाऱ्या पाण्याचा नेहमीचा दाब याहून थोडाच अधिक असतो. म्हणून पाण्याच्या १.२ पट घनतेचा चिखल ३६० किलोचा दाब देऊन थराला दाबात ठेवतो. पण काही थरांतला दाब नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. नुसती माती वाढवून घनता वाढवावी तर चिखल पंपालाही उचलेना इतका घट्ट होतो. यावर १९२० च्या दशकात तोडगा निघाला तो बॅराइटच्या भुकटीचा. बॅराइट पाण्याच्या सव्वाचार पट जड, बारीक दळता येणारा, आणि रासायनिकदृष्ट्या उदासीन. त्याने घनता दुपटीच्या पुढेही नेता येते. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटचा बॅराइटचा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांत मोडतो, आणि तो जगभरच्या तेलखोदाईत जातो. इतका साधा, जड, पांढुरका दगड या उद्योगाला किती अपरिहार्य आहे याची कल्पना बाहेरच्यांना क्वचितच असते.

वजन जास्त झाले तर तेही नडते. भेगा असलेल्या थरात चिखल नाहीसा होऊ लागतो, टाकीतली पातळी भराभर उतरते. मग त्या भेगा बुजवायला सरकीची टरफले, अक्रोडाची कवचे, अभ्रकाचे पापुद्रे, सेलोफेनच्या चिंध्या चिखलात कालवतात. शिवाय जड चिखल तळाच्या कपच्यांना जागेवरच दाबून धरतो आणि बिट त्याच कपच्या पुन्हा पुन्हा दळत राहतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बिटमध्ये अरुंद तोट्या बसवून चिखलाचा वेगवान झोत थेट तळावर मारण्याची पद्धत आली ती याचसाठी. दात तेच, दगड तोच, पण तळ स्वच्छ राहिल्याने खोदाईचा वेग स्पष्टपणे वाढला. या सुधारणेने पंपांची भूकही वाढवली. वाफेच्या बॉयलरची जागा डिझेल इंजिने घेत होतीच, त्यांची पुष्कळशी ताकद नळी फिरवण्याऐवजी चिखल ढकलण्यात जाऊ लागली. आणि जिथे थर टणक, कोरडे, कमी दाबाचे होते तिथे १९५० च्या दशकात काही अमेरिकन कंपन्यांनी चिखल सोडून हवेने खोदून पाहिले. वेग अनेक पटींनी वाढला. पाणी लागले की मात्र भुकटीचे लगदे होऊन काम अडे. आपला बोअरवाला ज्या पाण्यासाठी खोदतो, ते तिथे विघ्न ठरत होते.

नळी बाहेर काढतानाचा हिशेब

बिट झिजला की सगळी नळी बाहेर काढून, बिट बदलून, पुन्हा आत सोडायची. याला ट्रिप म्हणतात. ३,००० मीटरला १११ स्टँड. वर सत्तावीस मीटर उंचीवर फळीवर उभा असलेला टॉपमन प्रत्येक स्टँडचे वरचे टोक मनोऱ्याच्या कडेला ओढून लावतो, खाली फळीवरचे कामगार चिमटे लावून जोड सोडवतात. जाऊन-येऊन अख्खी पाळी यात जाते, आणि तेवढ्या वेळात एक सेंटिमीटरही खोदले जात नाही.

धोका याच वेळी सर्वांत जास्त. साडेचार इंची नळीचे पोलाद मीटरमागे सुमारे ३ लिटर जागा अडवते. नळी बाहेर आली की ती जागा मोकळी होते आणि चिखलाची पातळी उतरते. साडेआठ इंची भोकात सगळी नळी काढून घेतली आणि वरून चिखल भरलाच नाही, तर पातळी सुमारे अडीचशे मीटर खाली जाते. १.२ घनतेच्या हिशेबाने तळावरचा दाब ३६० वरून ३३० वर येतो. थराचा दाब ३४० असेल तर खोदताना जी विहीर शांत होती तीच आता उसळायला मोकळी आहे. शिवाय बिट भरभर वर ओढला तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा खालचा द्रव ओढून घेतो, आणि दाब आणखी उतरतो. थोडा वायू आत शिरला की तो वर येताना फुगतो, फुगताना वरचा चिखल बाहेर फेकतो. त्यामुळे स्तंभ आणखी हलका होतो, आणखी वायू शिरतो. सुरुवातीला चार बादल्यांची चूक असते, शेवटी मनोरा जातो.

ओक्लाहोमा सिटीच्या क्षेत्रात २६ मार्च १९३० रोजी हेच घडले. ‘मेरी सुडिक क्रमांक १’ ही विहीर ६,४७१ फुटांवर होती. नळी बाहेर काढताना भोक चिखलाने भरत राहण्याची दक्षता घेतली गेली नाही. विहीर उसळली आणि अकरा दिवस आवरली नाही. वाऱ्याबरोबर तेलाचा फवारा कोसभर नव्हे, कित्येक कोस पसरला. यंत्र कोणतेही तुटले नव्हते, बिट उत्तम होता. जे चुकले ते फक्त पातळी राखण्यात.

ब्लोआउट प्रिव्हेंटर हे साधन त्याआधीच निघाले होते. जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी १९२२ मध्ये बनवलेल्या या झडपेत दोन पोलादी जबडे समोरासमोरून येऊन नळीला कवटाळतात आणि कडेची मोकळी जागा बंद करतात. शतकाच्या मध्यापर्यंत असे दोन-तीन प्रिव्हेंटर एकावर एक रचण्याचा प्रघात पडला. एक नळीभोवती मिटणारा, एक नळी नसताना भोक पूर्ण बंद करणारा, आणि वर रबरी कड्याचा, जो कुठल्याही आकाराभोवती आवळतो. तरीही जुने ड्रिलर त्याला दुसरी फळी मानत. पहिली फळी चिखलाची. प्रिव्हेंटर बंद करावा लागला याचा अर्थ पहिली फळी पडली. झडप बंद करून मिळालेल्या अवधीत जड चिखल फिरवायचा आणि मगच ती उघडायची.

चिखलाने झाकलेले तेल

दाब अडवणारा हाच चिखल तेलही अडवतो. केबल टूलच्या रिकाम्या भोकात तेल स्वतःहून दिसे. रोटरीच्या विहिरीत बिट तेलाच्या थरातून आरपार गेला तरी वर काही कळेलच असे नाही. लेप बसलेला, थरातले तेल मागे रेटलेले, कपच्या चिखलाने धुतलेल्या. चांगले थर असे नकळत ओलांडले जाण्याचा धोका खराच होता.

या अडचणीचे उत्तर फ्रान्समधून आले. कॉनराड आणि मार्सेल श्लुंबर्जे या बंधूंच्या चमूने ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सासमधल्या पेशेलब्रोन क्षेत्रात एका विहिरीत विजेचे अग्र सोडून थरांचा विद्युतरोध खोलीनुसार मोजला. हेन्री डॉल त्या मोजणीवर होता. खारे पाणी वीज सहज वाहून नेते, तेल नेत नाही. म्हणून सच्छिद्र थरात रोध एकदम वाढला तर तिथे तेल किंवा वायू असण्याचा संभव. वीज थरापर्यंत पोचवायला पुन्हा चिखलच माध्यम होता. पुढे काही विहिरींत पाण्याऐवजी तेलात कालवलेला चिखल वापरू लागले, तो वीज वाहत नाही, आणि पद्धत बंद पडली. तेव्हा १९४९ मध्ये डॉलनेच चुंबकीय प्रवर्तनाने, स्पर्शाविना, मोजण्याची रीत मांडली. चिखल बदलला म्हणून मोजमापाचे भौतिकशास्त्र बदलावे लागले, याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

केसिंग आणि सिमेंट हेही याच वाटेने जातात. भोकाचा काही भाग झाला की त्यात पोलादी नळ बसवतात. नळ आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटने भरली नाही तर एका थरातला वायू दुसऱ्यात, किंवा वरच्या गोड्या पाण्यात, चढेल. सिमेंटचा रबडा नळातून खाली ढकलून कडेने वर आणायचा, म्हणजे चिखलाचाच फेरा. पुढे-मागे रबरी खुंट्या ठेवायच्या, म्हणजे सिमेंट आणि चिखल मिसळत नाहीत. अर्ल हॅलिबर्टन याने १९२० च्या सुमारास सिमेंट वेगाने आणि एकसारखे कालवण्याचे यंत्र आणले आणि हे काम स्वतंत्र धंदा झाले.

शक्ती वर की खाली

रोटरीत एक उघड उधळपट्टी आहे. तळाशी वीतभर बिट फिरवण्यासाठी तीन किलोमीटर पोलाद फिरवायचे. नळीत कित्येक वेढ्यांचा पीळ साठतो, जोड झिजतात, शक्तीचा मोठा भाग भिंतींशी घासण्यात जातो. बाकूमध्ये मात्वेई कापेल्युश्निकोव याने १९२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. नळी स्थिर ठेवायची, बिटच्या वर टर्बाइन बसवायचे, आणि खाली जाणाऱ्या चिखलानेच ते फिरवायचे. त्याचे टर्बाइन एका टप्प्याचे होते, भलत्याच वेगाने फिरे, आणि वेग उतरवणारे दाते लवकर झिजत. १९३० च्या दशकात तिथल्याच अभियंत्यांनी दाते काढून टाकले आणि शंभराच्या आसपास टप्प्यांची माळ करून वेग विभागला. टर्बोड्रिल खऱ्या अर्थाने चालू लागला तो तेव्हा. १९५० च्या दशकाच्या मध्यात सोविएत संघातल्या खोदाईपैकी चार पंचमांशांहून अधिक टर्बोड्रिलने होत होती. अमेरिकेत त्याच वेळी जवळजवळ सगळी रोटरीने.

याला राजकारणाचा रंग देण्याची गरज नाही, कारण दोन्हीकडचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. सोविएत कारखान्यांतली नळी आणि तिचे जोड फिरण्याचा ताण सहन करण्याइतके चांगले नव्हते. नळी फिरवायचीच नाही म्हटल्यावर ती उणीव झाकली गेली. व्होल्गा आणि उरल यांमधल्या क्षेत्रांत थर कठीण होते आणि तेल दोन हजार मीटरच्या आत. टर्बोड्रिल मिनिटाला पाचशे ते आठशे फेरे घेई, रोटरीच्या कित्येक पट. दगड भराभर कटे. पण त्या वेगाने बिटच्या शंकूंचे बेअरिंग काही तासांत संपत आणि ट्रिप करावी लागे. हजार मीटरवर ट्रिप ३७ स्टँडची, ती परवडते. तीन-चार हजारांवर ट्रिपांचा वेळ कमावलेला वेग गिळून टाकतो. शिवाय खोलीबरोबर नळ्यांतले घर्षण वाढून टर्बाइनपर्यंत पोचणारा दाबच उतरतो. अमेरिकेत विहिरी खोल जात होत्या. १९४९ मध्ये वायोमिंगमध्ये २०,५२१ फूट, १९५८ मध्ये टेक्सासमध्ये २५,३४० फूट, म्हणजे साडेसात किलोमीटरच्या वर. तिथे बिट टिकणे वेगापेक्षा महत्त्वाचे.

एका बाबतीत मात्र टर्बोड्रिलला तोड नव्हती. नळी फिरत नसल्याने बिटच्या वर थोडा वाकडा जोड दिला की भोक हवे त्या दिशेला नेता येई. एकाच जागेवरून अनेक तिरप्या विहिरी काढता येत. कास्पियन समुद्रात १९४९ मध्ये तेल लागलेल्या नेफ्त्यानिये काम्नी या क्षेत्रात खोदाई पाण्यावर खांब रोवून उभारलेल्या मचाणांवरून होत असे. तिथे प्रत्येक विहिरीला नवे मचाण बांधणे परवडणारे नव्हते. आणि आपल्या गावात येणाऱ्या बोअरच्या गाडीत तळाशी नळीच्या टोकाला जो हवेचा हातोडा असतो, त्याची कल्पनाही याच जातीची आहे. शक्ती वर, काम तळाशी, आणि मधला वाहक द्रव किंवा हवा.

भारतात हे दोन्ही प्रवाह आले. आसामात माकुमजवळ १८६७ मध्येच ११८ फुटांवर तेल लागले होते, म्हणजे ड्रेकनंतर आठ वर्षांनी. डिग्बोईची पहिली विहीर १८८९ ची, आणि तिथून नाहरकटियापर्यंत (१९५३) ब्रिटिश कंपनीच्या पद्धती चालल्या. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांच्या आग्रहातून १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला, आणि त्याच्याकडे सोविएत तज्ज्ञ व सोविएत आणि रुमानियन रिग आले. सप्टेंबर १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने जे तेल काढले, तो रिग पाय रोवून समुद्रात उभा राहणारा होता. पण त्याच्या फळीवरचे रोटरी टेबल, केली, चाळणी आणि चिखलाच्या टाक्या अंकलेश्वरच्या माणसाला ओळखीच्या वाटल्या असत्या.

चिखल काढून घेणे

शेवटचा टप्पा उलट्या दिशेचा आहे. तळापर्यंत केसिंग बसले, सिमेंट घट्ट झाले, म्हणजे तेलाचा थर आता पोलाद आणि सिमेंटच्या आड गेला. १९३२ पासून नळात बंदूक सोडून भिंतीत गोळ्या झाडून भोके पाडत. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे भेदण्यासाठी वापरलेल्या आकारित स्फोटकांची गोळ्यांच्या जागी योजना १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाली, आणि भोके खोल जाऊ लागली. खोल जाणे महत्त्वाचे होते, कारण भिंतीलगतचा दगड खोदताना शिरलेल्या चिखलाने अर्धवट बुजलेला असे. थर चांगला, दाब चांगला, तरी विहीर कमी वाहते, याचे हे कारण व्हॅन एव्हर्डिंगन याने १९५३ मध्ये गणिताने मांडले आणि त्या बुजलेल्या पट्ट्याला त्वचेचे नाव दिले. त्यापलीकडे पोचण्यासाठी आम्ल सोडणे, किंवा १९४९ पासून व्यापारी रीतीने सुरू झालेले दाबाने थर चिरणे, असे उपाय होते.

मग नळातला जड चिखल पाण्याने बाहेर ढकलतात. ३६० किलोचा दाब ३०० वर येतो. तेवढ्याने थर जागा झाला नाही तर पाण्याच्या जागी हलके तेल, नाही तर रबरी दट्ट्याने पाणीच थोडे थोडे उपसून स्तंभ उतरवायचा. विहिरीच्या तोंडावर आता प्रिव्हेंटरच्या जागी झडपांचा बुंधा बसवलेला असतो. त्याच्या बाजूच्या नळातून आधी पाणी येते, मग पाण्यात उरलेसुरले चिखलाचे गढूळ ढग, मग वायूचे बुडबुडे, आणि मग हिरवट-काळी झाक. तोवर रिगवरचे लोक टाक्यांतला चिखल मोजू लागलेले असतात. बॅराइट महाग, आणि पुढच्या विहिरीला तोच लागणार असतो.